दोन पाटे जादा

कोसमटोला डेपो, जि. चांदा
४ ऑगस्ट १९६९

ती. दादांस,
शालिकरामचा शिरसाष्टांग नमस्कार.

रस्ता बंद आहे. डाक नेणारा माणूस थैली डोक्याला बांधून नाले ओलांडतो. हे पत्र आठवड्याने नागपूरला पोचेल.

ताराला सहावा महिना सरत आला. मागच्या वर्षी चौथ्या महिन्यात तिला चांद्याला दाखवायला नेत होतो, तेव्हा जीपमध्येच सगळं संपलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून या खेपेला तिला उन्हाळ्यात हलवलं नाही. आता इथली सुईण जिजाबाई पोट चाचपून म्हणते, “आडवं आहे गा. फिरलं तं फिरलं. नाही तं माह्या हातचं काम नाही. दवाखान्यात ने.”

दसऱ्याच्या सुमारास रस्ता उघडेल. तेव्हा तिला आठ महिने पूर्ण झालेले असतील. इथून डांबरी सडकेपर्यंत अठ्ठावीस मैल माती आणि दगड. पावसानंतर चाकोऱ्या गुडघाभर खोल होतात.

जीप तीच आहे, तीन वर्षांपूर्वी तुम्ही गॅरेजमध्ये तयार करून आमच्या बांबूच्या ठेकेदाराला दिलेली. या रस्त्यासाठी तिच्यात काही बदलावं लागेल का, आणि काय, ते विचारायला लिहितो आहे. ठेकेदाराची हरकत नाही. तो फक्त हसला. म्हणाला, “जीप आहे गा ते, पालखी नाही.” शेजारच्या डेपोवर धोंडबा नावाचा म्हातारा ट्रक-ड्रायव्हर आहे. तो म्हणतो, या जीपला आधीच फार काही लावलेलं आहे.

माझा विश्वास तुमच्या हातावर आहे. जे येतं ते तुमच्या हाताखाली शिकलो. ही एकच फेरी मला नीट करायची आहे.

आपला,
शालिकराम

*

नागपूर
१६ ऑगस्ट १९६९

चि. शालिकराम यास अनेक आशीर्वाद.

ट्रकवाल्याला जीप कळत नाही. त्याला सांग, स्वतःचा ट्रक सांभाळ.

जंगलात जाणाऱ्या जीपच्या चाकावरच्या प्रत्येक कमानीत दोन पोलादी पाटे जादा घालायचे, ही इथली रीत आहे. नागपुरातल्या कुठल्याही गॅरेजात विचार. कच्च्या रस्त्यावर गाडी दबता कामा नये. दबली की आपटते. माझ्या हातून ऐंशी जीपा अशा गेल्या. तक्रार घेऊन एकही परत आली नाही. मागच्या वर्षीचा दोष जीपचा नव्हता. चालवत तू होतास.

तरी तू विचारलंस म्हणून सांगतो. मिलिटरीच्या लिलावातून आलेले चार शॉकअब्सॉर्बर माझ्याकडे आहेत. जड आहेत. असे बाजारात मिळत नाहीत. सोबत मागच्या कमानींना आणखी एकेक पाटा दिला की गाडी दगडासारखी होईल.

आता दुसरं. आमच्या लग्नाला सतरा वर्षं झाली. तुझ्या वहिनीने डॉक्टर केले, उपास केले, आता काही करत नाही. हे मूल आम्ही घ्यावं असं आमचं ठरलं आहे. तुम्ही तरुण आहात. तुम्हाला होतील. आणि त्या जंगलात वाढून ते काय होणार? ड्रायव्हर.

तुमचा होकार कळव. शॉकचं त्यानंतर पाहू.

आनंदराव

*

कोसमटोला
३१ ऑगस्ट १९६९

ती. दादांस नमस्कार.

मुलाबद्दल लिहिलंत ते वाचलं. ताराला अजून सांगितलेलं नाही. ते आधी जिवंत जन्माला येऊ दे. ते कुठे राहील हे मग बोलू.

शॉक मात्र आत्ताच पाठवले तर बरं. बसवून पाहायला वेळ हवा.

मी रोज सकाळी पहिल्या तीन मैलांतले मोठे दगड बाजूला काढतो. पाऊस दुसरे वर आणतो. तारा दिवसभर पडून असते. काल तिने विचारलं, वाटेत नाले किती? मी नऊ सांगितले. चौदा आहेत.

जिजाबाई म्हणते, अजून आडवंच आहे.

आपला,
शालिकराम

*

नागपूर
११ सप्टेंबर १९६९

चि. शालिकराम यास आशीर्वाद.

मी विचारलं एक, तू लिहिलंस दुसरं.

आधी आणि मग असं यात चालत नाही. जन्मल्यावर कुठलीच आई मूल सोडत नाही. म्हणून ते आधी लिहून घ्यायचं असतं. ताराच्या हातची ओळ हवी. ती सातवी शिकली आहे, तेव्हा अंगठा चालणार नाही.

वहिनीने नातेवाइकांत सांगून टाकलं आहे. आता नाही म्हटलंस तर तिला तोंड दाखवायला जागा राहणार नाही, हे लक्षात घे.

शॉक कपाटात आहेत. परवा भंडाऱ्याचा एक माणूस मागून गेला. दसऱ्यापर्यंत त्याला थांबवतो.

आनंदराव

*

कोसमटोला
२५ सप्टेंबर १९६९

ती. दादांस नमस्कार.

तुमच्या मनासारखं होईल.

ताराला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. सगळे निवडून झाल्यावर बोलली, “दादाले गाडी दुरुस्त कराले मूल लागते काय? मले वाटलं, पाना लागत असन.” मग तिने कागद मागितला.

खालची ओळ तिच्या हातची आहे.

आपला,
शालिकराम

ती. दादांस नमस्कार. मूल जिवंत जन्मलं तर जाऊबाईंच्या ओटीत देईन. तारा.

*

नागपूर
६ ऑक्टोबर १९६९

चि. शालिकराम यास अनेक आशीर्वाद. सौ. ताराससुद्धा.

कागद मिळाला. तुझ्या वहिनीने तो पेटीत ठेवला.

चार शॉक आणि दोन पाटे एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवले आहेत. जुने जादा पाटे तसेच राहू दे. नवे त्यांवर चढव. टायरमध्ये हवा तीस पौंड ठेव, कमी नको, नाहीतर दगडाने रिम वाकेल. नट सगळे दोनदा आवळ.

मी हेच सामान एका गिऱ्हाइकाच्या जीपला बसवून वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत गेलो. चहाचा कप पुढे ठेवला होता. थेंब सांडला नाही. तेव्हा आता काळजीचं कारण नाही.

चांद्याला थांबू नका. सरळ नागपूरला या. इथल्या दवाखान्यात सांगून ठेवलं आहे. वहिनी ताराजवळ राहील. मूल दवाखान्यातून थेट घरी येईल. ताराला आठ दिवस विश्रांती मिळेल, मग तुम्ही परत जा.

आनंदराव

*

कोसमटोला
१९ ऑक्टोबर १९६९

ती. दादांस नमस्कार.

पार्सल मिळालं. सामान बसवलं. ३० तारखेला पहाटे निघतो. वहिनींना सांगावं.

आपला,
शालिकराम

*

कोसमटोला
१४ नोव्हेंबर १९६९

ती. दादांस नमस्कार.

तुम्ही वाट पाहिली असेल. आधी लिहायला हात चालला नाही.

तुम्ही सांगितलं तसंच सगळं केलं होतं. नवे पाटे जुन्यांवर चढवले. चारही शॉक बसवले. हवा तीस पौंड. नट दोनदा आवळले. सतराव्या मैलाला ताराला कळा सुरू झाल्या. नागपूर लांब होतं. चांद्याला नेलं.

मूल मेलेलं निघालं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हिला कशातून आणलं? जीपमधून म्हटलं. त्या बाहेर आल्या आणि मागच्या बाजूला दोन्ही हात टेकून जोर दिला. गाडी हलली नाही. आत गेल्या.

तारा बरी आहे. तुम्ही दोघं येऊ नका. कागद जिवंत मुलाचा होता, तेव्हा त्याचं काम संपलं.

आपला,
शालिकराम

*

नागपूर
२४ नोव्हेंबर १९६९

चि. शालिकराम यास आशीर्वाद.

बातमी मिळाली. तुझी वहिनी दोन दिवस जेवली नाही.

दोष पाट्यांचा नाही. तीस वर्षं मी हे काम करतो आहे. बाईमाणसाने कमानीवर जोर दिला आणि ती दबली नाही, यात नवल काय? तू कुठल्या वेगाने जात होतास ते लिहिलं नाहीस. नाल्यात उतरताना फोर व्हील लावलं होतंस का, तेही नाही. पहिल्यापासून तुझा हात जड आहे. तो मी मारून मारून हलका केला नाही, एवढी माझी चूक.

शॉक काढून परत पाठव. भंडाऱ्याचा माणूस अजून विचारतो आहे.

आनंदराव

*

कोसमटोला
३० नोव्हेंबर १९६९

धोंडबाभाऊले रामराम.

तुमची बदली झाली, मी परत आलो तं तुमची खोली खाली होती. तुमी अक्षर लावून वाचता म्हणून मोठ्या अक्षरात लिहून राहिलो. कोनाकडून वाचून घेऊ नका.

पोरगी झाली. जिती आहे. रडते तं साऱ्या डेपोले ऐकू जाते.

दादाचं सामान बसवलं त्या दिवशी पाण्यानं भरलेला पितळी गुंड मागच्या सीटवर ठेवून तीन मैल गेलो होतो. परत आलो तं गुंड रिकामा, सीट ओली. तुमी हासले होते. “हे जीप आहे का उखळ?” म्हणाले होते. तेव्हा मले राग आला होता. मंग तुमी म्हटलं ते सारं केलं. दादाचे शॉक काढले, जुने परत लावले. नवे पाटे काढले, तीन वर्षांपासूनचे जादा होते तेही काढले. हवा चौदा पौंडावर आणली. मागं ओल्या रेतीचे सात पोते टाकले आनं त्यावर गादी. मंग तोच गुंड ठेवला. पाणी काठाले नाही आलं.

अठ्ठावीस मैलाले नऊ तास लागले. माणूस पायी पुढं जाईल अशी गाडी चालवली. चौदाव्या नाल्यात तारा म्हणे, “काहून थांबले जी आपण?” चाकं चालूच होते, तिले समजलं नाही. चांद्याच्या डॉक्टरीणबाईनं तिच्या पोटावर हात फिरवून फिरवून पोरगी सरळ केली. म्हणे, असं मूल इतकं धड कसं आणलं?

म्हंजे गाडीले काहीच लावायचं नव्हतं. लावलं होतं तेच काढायचं होतं. मागच्या वर्षीचं त्या दोन पाट्यांनीच गेलं. दादानं जिंदगीत डांबर सोडून गाडी नाही नेली. ऐंशी जीपा तयार केल्या, पण एकीत बसून जंगलात नाही आला.

त्याले मी लिहिलं, मूल मेलं. तारानं सांगितलं तसं लिहिलं. ती म्हणे, “त्याचे पाटे राहिले असते तं मूल मेलंच असतं नं? मंग तसंच झालं म्हणून लिहा. खरं लिहाल तं तो कागद घेऊन दारात येईन.”

तुमी बांबू घेऊन नागपूरले जाता, दादाच्या गॅरेजवर थांबता. तो विचारन. मान हालवा, बोलू नका. पत्र वाचलं की चुलीत टाका.

तुमचा,
शालिकराम

*

नागपूर
१८ डिसेंबर १९६९

चि. सौ. तारा हिस कांताबाईचा आशीर्वाद.

यांना न सांगता लिहिते आहे.

यांनी भाऊजींना काय लिहिलं ते मी वाचलं. तिकडे तसं लिहितात. इथे निराळंच चाललं आहे. गॅरेजमध्ये गाडी आली की आधी तिचे जादा पाटे काढायला लावतात. गिऱ्हाईक म्हणतं, आम्ही जंगलात जातो, पाटे वाढवा. हे त्याच्या अंगावर जातात. चार गिऱ्हाइकं तुटली. मागच्या आठवड्यात तुमच्याकडचा तो म्हातारा ट्रकवाला आला होता. यांनी विचारलं, तर त्याने नुसती मान हलवली. तेव्हापासून ताटावर बसतात आणि मला विचारतात, सतरावा मैल म्हणजे कुठे गं?

तुला एक माहीत असावं. लिहून घ्यायचं माझं म्हणणं होतं. हे म्हणत होते, सामान तरी आधी पाठवू. मीच म्हटलं, नाही, आधी ओळ. इतकी वर्षं लोकांच्या बारशांना जाऊन पाळण्याची दोरी धरली. मला कोणाच्या शब्दावर राहायचं नव्हतं.

आता एकच विचारते. मुलगा होता की मुलगी? भाऊजींनी लिहिलं नाही. यांना विचारायची हिंमत नाही. मी त्याची आई होणार होते. मला निदान एवढं तरी ठाऊक असावं.

मी शिवलेले कपडे वेगळ्या पार्सलने पाठवते आहे. घरात असले की रोज उघडून पाहते. पुढच्या वेळी तुला कामास येतील. पोचल्याचं कळव.

कांताबाई

*

कोसमटोला
९ जानेवारी १९७०

ती. सौ. जाऊबाईंस ताराचा नमस्कार.

मुलगा होता.

केस दाट होते, मानेपर्यंत आलेले. डाव्या कानाची पाळी जरा दुमडलेली होती. नखं वाढलेली होती, इतकी की गालावर एक ओरखडा होता. पायाची बोटं लांब, दादांसारखी. रंग तुम्हाला आवडला असता. मी त्याला थोडा वेळ मांडीवर घेतलं. मग नेलं.

जिवंत मुलाचा शब्द दिला होता. पण तुम्ही आई होणार होतात, असं लिहिलंत, म्हणून हा तुमचाच समजा. नाव ठेवलेलं नाही. तुम्ही ठेवा. दरवर्षी त्या दिवशी काय करायचं असेल ते तुम्हीच करा. माझ्याने होणार नाही.

दादांना सांगा, सतराव्या मैलाला उजव्या हाताला ऐनाचं एक वाकलेलं झाड आहे. त्याच्या समोरच्या खड्ड्यात मागचं चाक गेलं, तेव्हा मी ओरडले. गाडी थांबल्यावर मी झाडाकडे पाहत होते. तेवढंच आठवतं.

कागद तुम्ही मागितला होता हे लिहिलंत ते बरं केलंत. मी इतके दिवस उगाच दादांना दोष देत होते.

पार्सल पोचलं. झबली चार, दुपटी दोन, टोपडी दोन. शिवण फार बारीक आहे. टोपडं कपाळावर येत होतं, मागून एक चूण घातली.

इकडे सगळं ठीक. थंडी आहे.

तारा

*

नागपूर
२७ जानेवारी १९७०

चि. सौ. तारा हिस आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्या दोनदा मुलासाठी रडले. तिसऱ्यांदा शेवटपर्यंत नीट वाचलं.

टोपडं कपाळावर येत होतं म्हणतेस. कपाळ कोणाचं?

लग्नानंतर वर्षभर तू माझ्याजवळ राहिलीस, तेव्हा शिवण मीच तुला शिकवलं. कोणी शिवून दिलं की ते कुठे ढगळ झालं, कुठे आवळ झालं, ते कळवायचं, ही सवयही माझीच. तू विसरली नाहीस.

यांना काही सांगितलेलं नाही. झाडाचं तेवढं सांगितलं. चार दिवसांपासून हे त्या झाडाबद्दल बोलत असतात. काल मला म्हणाले, “मी जाऊन ते झाड पाहून येऊ का वं?” मी म्हटलं, नका जाऊ. त्यांना सांगितलं तर ते आजपासून नीट जेवायला लागतील. मग मला त्यांच्याबरोबर यावं लागेल, ते आरडाओरडा करतील, भाऊजींवर हात टाकतील. ते मला नको आहे. थोडे दिवस त्यांना असंच राहू दे.

तुझ्या हातची ओळ माझ्या पेटीत आहे. जिवंत जन्मलं तर, असं तूच लिहिलंस. मी तसं सांगितलं नव्हतं.

तुमचा रस्ता जूनपर्यंत उघडा असतो ना? तोवर अंगावर पाजून घे. पाऊस लागायच्या आत स्वतः आणून माझ्या ओटीत दे. नाही आलीस तर यांना पत्र वाचून दाखवेन, आणि दोघं येऊ. नातेवाइकांना काय सांगायचं ते मी पाहते.

मुलगा म्हणालीस, तेही खोटं असेल. मुलगी असली तरी मला चालेल.

येताना गाडी हळू आणा.

कांताबाई